दीर्घिकांचे वेग आणि प्रसरण पावणारं विश्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत, शाळेतल्या व्याख्यानांनंतर आणि वाचकांच्या पत्रांत या विषयावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते, की एका माणसानं एका मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं आणि विश्व फुगताना दिसलं. खरी हकीकत याहून कितीतरी रंजक आहे आणि तिची सुरुवात एडविन हबल यांच्या १९२९ च्या प्रसिद्ध निबंधाआधी सतरा वर्षं होते.

विश्व प्रसरण पावतंय हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये शोधलं. एवढं उत्तर पुरेसं नाही का?

परीक्षेत गुण मिळतील, पण उत्तर अर्धंच राहील. हबलच्या १९२९ च्या निबंधात २४ दीर्घिकांची (आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारकासमूहांची) यादी आहे आणि प्रत्येकीसमोर दोन मुख्य आकडे आहेत, एक अंतराचा आणि एक वेगाचा. अंतरं हबलनी काढली होती. वेगांचे बहुतेक आकडे मात्र व्हेस्टो स्लायफर या खगोलशास्त्रज्ञानं त्याआधीच्या दशकात मोजलेले होते आणि निबंधात त्या आकड्यांपाशी त्यांचं नाव नव्हतं. शोधासाठी दोन्ही आकडे लागतात. त्यातला वेगाचा आकडा मिळवणं किती कष्टाचं होतं हे कळल्याशिवाय या शोधाची किंमत कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून इथे स्लायफरना जागा जास्त दिली आहे.

हे स्लायफर कोण?

जन्म १८७५ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शेतकरी घरातला. १९०१ मध्ये ते ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथल्या लॉवेल वेधशाळेत रुजू झाले. नोकरी थोड्या काळापुरती ठरली होती, पण ते १९५४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यातली बरीच वर्षं संचालक म्हणून. प्लूटोचा शोध लावणाऱ्या क्लाइड टॉमबॉ यांना कामावर घेणारे संचालक हेच.

वेधशाळेचे मालक पर्सिव्हल लॉवेल हे मंगळावरच्या तथाकथित कालव्यांमुळे प्रसिद्ध असलेले धनिक गृहस्थ. आकाशात दिसणारे सर्पिल तेजोमेघ म्हणजे जन्माला येत असलेल्या सूर्यमाला असाव्यात, असा त्यांचा कयास होता. तेव्हा त्यांचा प्रकाश आपल्या ग्रहांच्या प्रकाशाशी ताडून पाहावा, असं काम त्यांनी स्लायफरना सांगितलं. कयास साफ चुकीचा होता, पण त्यातून निघालेलं काम शतकभर पुरलं.

‘तेजोमेघ’ की ‘दीर्घिका’? तेव्हा काय म्हणत?

तेव्हा सगळ्यांनाच तेजोमेघ म्हणत, कारण ते आपल्या आकाशगंगेच्या आत आहेत की बाहेर हेच ठरलेलं नव्हतं. या लेखात १९२४ च्या आधीच्या काळाबद्दल बोलताना तेजोमेघ आणि नंतरच्या काळाबद्दल दीर्घिका असं लिहिलं आहे.

इतक्या दूरच्या वस्तूचा वेग मोजतात तरी कसा? ती हललेली तर दिसत नाही.

ती आपल्या दिशेनं येतेय की आपल्यापासून लांब जातेय, एवढाच वेग मोजता येतो, आणि तो प्रकाशाच्या वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्यावरून. ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला तर त्यात ठरावीक जागी काळ्या रेषा दिसतात. त्यातली कॅल्शियमची एक ठळक रेषा ३९३.४ नॅनोमीटर या तरंगलांबीवर असते. वस्तू आपल्याकडे येत असेल तर अशा सगळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, ती नीलसृती. दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे, ती ताम्रसृती. किती सरकल्या यावरून वेग निघतो.

हिशेब सोपा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर. वस्तूचा वेग सेकंदाला ३०० किलोमीटर असेल, तर तो प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग. मग रेषासुद्धा आपल्या तरंगलांबीच्या हजाराव्या भागानं सरकणार, म्हणजे ३९३.४ मध्ये ०.४ नॅनोमीटरनंसुद्धा नाही. छायाचित्राच्या काचेवर हे सरकणं मिलीमीटरचे काही शतांश एवढंच भरतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. त्यासाठी त्याच काचेवर, तेजोमेघाच्या वर्णपटाला चिकटून, धातूंच्या विजेच्या ठिणगीचा वर्णपट उमटवून ठेवतात. त्या रेषांची जागा पक्की ठाऊक असते, त्यामुळे त्या मोजपट्टीचं काम करतात.

मग यात इतकं अवघड काय होतं?

प्रकाशच नव्हता. देवयानीचा (अँड्रोमेडाचा) तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना दिसतो हे खरं, पण तो पसरट आणि फिकट आहे. त्याचा प्रकाश वर्णपटात फाकवला की तो आणखी विरळ होतो आणि काचेवर उमटतच नाही.

लॉवेल वेधशाळेची दुर्बीण २४ इंची भिंगाची होती. त्याहून मोठ्या दुर्बिणी अमेरिकेतच होत्या, त्यामुळे हे काम इथे होणं शक्य नाही असं कोणालाही वाटलं असतं. स्लायफर यांच्या लक्षात आलं, की पसरट वस्तूच्या बाबतीत दुर्बिणीच्या आकाराला फारसं महत्त्व नाही. वर्णपटलेखकाच्या, म्हणजे वर्णपट टिपणाऱ्या यंत्राच्या, कॅमेऱ्याचं भिंग किती ‘जलद’ आहे, म्हणजे व्यासाच्या मानानं त्याचं नाभीय अंतर किती कमी आहे, यावर सगळं अवलंबून आहे. त्यांनी जलद भिंग बसवलं, तीनऐवजी एकच लोलक ठेवला आणि वर्णपट आखूड पण उजळ करून घेतला. या एका निर्णयात मला त्यांची खरी प्रतिभा दिसते. मोठी दुर्बीण मागत बसण्यापेक्षा त्यांनी हाताशी असलेल्या यंत्रात प्रकाश नेमका कुठे वाया जातोय ते शोधलं.

पहिलं मोजमाप कधी झालं?

१७ सप्टेंबर १९१२ च्या रात्री. त्या एका काचेसाठी जवळजवळ सात तास प्रकाश गोळा केला होता. पुढच्या काचांना दोन-दोन, तीन-तीन रात्री लागल्या. म्हणजे पहाट झाली की काच अंधारातच झाकून ठेवायची आणि दुसऱ्या रात्री तेजोमेघ पुन्हा वर्णपटलेखकाच्या त्याच फटीवर आणून पुढे सुरू करायचं. यंत्र जरासुद्धा हललं, थंडीनं आकसलं, तर रेषा फिसकटणार.

चार काचांवरून चार आकडे आले. सप्टेंबरमध्ये सेकंदाला २८४ किलोमीटर, नोव्हेंबरमध्ये २९६, डिसेंबरच्या सुरुवातीला ३०८ आणि वर्ष संपताना ३०१. सगळे आपल्या दिशेनं. सरासरी साधारण ३००. शंभराहून अधिक वर्षांनी, आजच्या उपकरणांनी देवयानीसाठी मिळणारा आकडाही ३०० च्या आसपासच आहे. सात-सात तास अंधारात उभं राहून, सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजून काढलेला आकडा इतका नेमका असावा, हे वाचताना दर वेळी मन भरून येतं.

तोवर मोजलेल्या कुठल्याही खगोलीय वस्तूपेक्षा हा वेग जास्त होता. साधारण तारे सेकंदाला काही दहा किलोमीटरच्या वेगानं फिरतात.

पण देवयानी तर जवळ येतेय! मग विश्व प्रसरण पावतंय कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो अगदी रास्त आहे. देवयानी आपली शेजारीण आहे, अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. इतक्या जवळ प्रसरणापेक्षा दोन्ही दीर्घिकांचं एकमेकींवरचं गुरुत्वाकर्षण प्रभावी ठरतं. शिवाय ३०० हा आकडा आपल्या सूर्याच्या संदर्भातला आहे. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना सध्या काहीसा देवयानीच्या दिशेनं चालला आहे. तो भाग वजा केला, की दोन दीर्घिका एकमेकींकडे सेकंदाला साधारण ११० किलोमीटरनं येताहेत असं निघतं.

योगायोग असा, की पहिलीच मोजलेली दीर्घिका अपवादातली निघाली. स्लायफर तिथेच थांबले असते तर सगळे तेजोमेघ आपल्याकडे धावताहेत, असा समज झाला असता. लॉवेल यांनी त्यांचं अभिनंदन करताना आणखी तेजोमेघ मोजायला सांगितलं, हे बरं झालं.

मग पुढे काय आकडे आले?

कन्या राशीच्या भागातला, आज सोम्ब्रेरो या नावानं ओळखला जाणारा तेजोमेघ आपल्यापासून सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर वेगानं लांब जाताना सापडला. त्याच्या रेषा तिरप्याही होत्या, म्हणजे तो स्वतःभोवती फिरतही होता. ऑगस्ट १९१४ मध्ये इव्हान्स्टन इथल्या अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत स्लायफरनी १५ तेजोमेघांचे वेग मांडले. बहुतेक दूर जाणारे. सभागृहातले खगोलशास्त्रज्ञ उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विज्ञानाच्या बैठकीत असं क्वचितच घडतं. श्रोत्यांमध्ये एडविन हबल नावाचा तरुणही होता.

१९१७ पर्यंत यादी २५ वर गेली. २१ दूर जाणारे, ४ जवळ येणारे. १९२३ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी आपल्या सापेक्षतेवरच्या ग्रंथात स्लायफरची ४१ तेजोमेघांची यादी छापली. त्यातले ३६ दूर जाणारे होते.

स्लायफरनी स्वतः ‘विश्व प्रसरण पावतंय’ असं म्हटलं का?

नाही. आणि ते त्यांच्या तोंडी घालूही नये. १९१७ मध्ये त्यांनी म्हटलं ते एवढंच, की इतके प्रचंड वेग पाहता हे सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, फार दूरच्या तारकासंस्था असाव्यात. तेही त्या काळी मोठं विधान होतं. प्रसरण म्हणायला अंतर हवं. दुप्पट दूर असलेली वस्तू दुप्पट वेगानं जाते का, हे अंतराशिवाय सांगता येत नाही, आणि अंतरं कोणाकडेच नव्हती.

अंतरं कशी मिळाली?

हेन्रिएटा लेव्हिट यांच्यामुळे. हार्वर्ड वेधशाळेत त्या छायाचित्रांच्या काचा तपासण्याचं काम करत. १९१२ मध्ये, स्लायफर यांच्या पहिल्या काचेच्याच वर्षी, त्यांनी लहान मॅजेलन मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ सेफीड रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. ज्याचा हा आवर्तकाल मोठा, तो तारा मुळात जास्त तेजस्वी, असा नियम त्यांना मिळाला. म्हणजे आवर्तकाल मोजा, त्यावरून ताऱ्याचं खरं तेज काढा, तो किती मंद दिसतो ते पाहा, आणि अंतर हाती येतं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनवरच्या १०० इंची हूकर दुर्बिणीनं घेतलेल्या एका काचेवर हबलना देवयानीत असा तारा सापडला. आधी नवतारा समजून त्यांनी त्याच्यापाशी ‘एन’ लिहिलं होतं. ते खोडून ‘व्हीएआर’, म्हणजे रूपविकारी, असं उद्गारचिन्हासह लिहिलं. ती काच आजही जपून ठेवली आहे. ताऱ्याचा आवर्तकाल सुमारे ३१ दिवस, आणि अंतर निघालं नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. १ जानेवारी १९२५ रोजी हा निष्कर्ष वॉशिंग्टनच्या बैठकीत वाचला गेला आणि देवयानी आकाशगंगेच्या आत की बाहेर हा वाद मिटला.

१९२९ च्या निबंधात नेमकं काय होतं?

अंतर वाढेल तसा वेगही त्याच प्रमाणात वाढतो, हे दाखवणारा आलेख. आज तो पाहिला तर ठिपके बरेच विखुरलेले दिसतात. हबलनी त्यातून काढलेला दर होता, दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.

त्या आलेखाला खरं बळ मिल्टन ह्यूमसन यांनी दिलं. ह्यूमसननी चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली. माउंट विल्सनवर खेचरांवरून सामान नेण्याचं काम केलं, मग वेधशाळेत झाडलोट, मग रात्रीचा मदतनीस, आणि शेवटी त्या काळातल्या सर्वोत्तम निरीक्षकांपैकी एक. त्यांनी एनजीसी ७६१९ या दीर्घिकेचा वेग सेकंदाला ३,७७९ किलोमीटर मोजला. हबल यांच्या निबंधासोबतच तो प्रसिद्ध झाला. १९३१ पर्यंत ही जोडी जवळजवळ २०,००० किलोमीटरपर्यंत पोचली होती आणि सरळ रेषा तिथेही टिकून होती.

स्लायफरना श्रेय मिळालं का?

उशिरा आणि अपुरं. मोठी पदकं मिळाली, १९३३ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं, पण पाठ्यपुस्तकांत नाव आलं नाही. स्वभावानं ते भिडस्त. थोडंच प्रसिद्ध करायचे आणि सभांना फारसे जायचे नाहीत. १९५३ मध्ये, आपल्या मृत्यूच्या वर्षी, हबलनी त्यांना पत्र लिहून एका व्याख्यानासाठी पहिल्या वर्णपटाचं चित्र मागितलं आणि वेग तुमचे, अंतरं माझी, अशी कबुलीही दिली. नोबेल दोघांपैकी कोणालाच मिळालं नाही.

आणि लमेत्र? ‘हबल-लमेत्र नियम’ असं आता का म्हणतात?

जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि गणिती. त्यांनी १९२७ मध्येच आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व मांडलं आणि उपलब्ध ४२ दीर्घिकांचे वेग आणि अंतरं घेऊन दरही काढला, ६२५. निबंध फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका कमी वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात. १९३१ मध्ये तो इंग्रजीत आला तेव्हा नेमका दर काढण्याचा भाग गाळलेला होता. कोणी मुद्दाम गाळला का, यावर बरीच चर्चा झाली. २०११ मध्ये लमेत्र यांचं पत्र पुढे आलं आणि भाषांतर त्यांचंच, गाळणंही त्यांचंच, हे स्पष्ट झालं. तोवर हबलचे चांगले आकडे आले होते, म्हणून जुने पुन्हा छापण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं मतदान घेऊन ‘हबल-लमेत्र नियम’ या नावाची शिफारस केली.

समीकरणांतून प्रसरणाची शक्यता सर्वांत आधी दाखवली ती रशियातल्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी, १९२२ मध्ये. ते १९२५ मध्येच वारले.

सगळं आपल्यापासून लांब जातंय, म्हणजे आपण मध्यभागी आहोत?

नाही. एका ओळीत तीन दीर्घिका घ्या, अ, ब आणि क. शेजारच्या दोघींत १०-१० मेगापार्सेक अंतर. दर ७० धरला तर अ वरून पाहताना ब ७०० नं आणि क १,४०० किलोमीटरनं दूर जाते. आता ब वर जाऊन पाहा. अ आणि क दोन्ही ७०० नं, उलट दिशांना जाताना दिसतील. ब वाल्यांनाही आपणच मध्यभागी आहोत असं वाटेल. वेग अंतराच्या प्रमाणात असेल तर हे चित्र सगळीकडून सारखंच दिसतं.

घर, पृथ्वी, सूर्यमालाही ताणल्या जातात का?

नाही. जिथे गुरुत्वाकर्षणानं किंवा अणूंमधल्या बलांनी वस्तू बांधलेली आहे तिथे प्रसरण होत नाही.

हबलचा दर ५०० आणि आजचा ७० च्या आसपास. इतकी मोठी चूक?

चूक वेगात नव्हती, अंतरात होती. हबलच्या दरानं प्रसरण उलटं मोजत गेलं तर विश्वाचं वय जेमतेम दोन अब्ज वर्षं निघत होतं. किरणोत्सर्गावरून काढलेलं पृथ्वीवरच्या खडकांचं वय त्याहून जास्त येऊ लागलं, आणि विश्वापेक्षा पृथ्वी म्हातारी असू शकत नाही. ही अडचण १९४८ च्या, विश्वाला आरंभच नाही असं मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांतामागचं एक कारण ठरली. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर पुढे त्या सिद्धांतावर काम करणारे जयंत नारळीकर आपल्या मराठी वाचकांना वेगळे सांगायला नकोत. विश्वाला आरंभ होता का, हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत जागता ठेवला.

अंतराचा गुंता खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी सोडवला. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे विझवलेले असत, त्या काळोखात त्यांनी माउंट विल्सनवरून देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करून पाहिले. पुढे १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी जाहीर केलं, की सेफीड दोन प्रकारचे असतात आणि आजवर एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावली गेली. देवयानीचं अंतर एकदम दुप्पट झालं. नंतर ॲलन सँडेज यांना आढळलं, की हबलनी ज्यांना सर्वांत तेजस्वी तारे समजलं त्यांपैकी कित्येक ठिपके म्हणजे चमकणाऱ्या वायूचे ढग होते. १९५८ मध्ये त्यांचा दर ७५ पर्यंत उतरला.

मग आता आकडा पक्का झाला का?

अजून नाही. प्लांक उपग्रहानं विश्वाच्या आरंभीच्या प्रारणावरून काढलेला दर ६७.४ आहे, तर सेफीड आणि अधिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) काढलेला ७३ च्या जवळ. दोन्ही पद्धतींची त्रुटीची मर्यादा इतकी लहान झाली आहे, की हा फरक केवळ मोजमापातल्या सैलपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. यामागे अनोळखी भौतिकी आहे की अंतराच्या शिडीत (जवळच्या अंतरांवरून दूरची काढण्याच्या साखळीत) कुठेतरी दोष आहे, यावर आज जोरात काम चालू आहे. माझा कल अंतरं पुन्हा पुन्हा तपासण्याकडे आहे, कारण या विषयात दगा दर वेळी अंतरांनीच दिला आहे.

यातलं काही आपल्याला स्वतः पाहता येईल का?

देवयानी नक्कीच. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अमावास्येच्या आसपास शहरापासून लांब जा. महाराष्ट्रातून ती रात्री दहा-अकराच्या सुमारास डोक्याच्या किंचित उत्तरेला असते. नुसत्या डोळ्यांना पुसट डाग दिसतो, द्विनेत्रीतून लांबट आकार.

ताम्रसृती मोजायची हौस असेल तर देवयानीपासून सुरुवात करू नका, तिचं सरकणं हौशी साधनांना फार सूक्ष्म आहे. कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, घ्या. त्याच्या हायड्रोजनच्या रेषा मूळ जागेपासून जवळजवळ १६ टक्के सरकलेल्या आहेत. आठ इंची दुर्बीण, कॅमेऱ्यापुढे बसवायची छोटी विवर्तन जाळी (प्रकाश रंगांत फाकवणारी काच) आणि साधा खगोल-कॅमेरा एवढ्यावर हौशी निरीक्षकांनी हे मोजलं आहे. क्वेसार तेराव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे फार मंद, असल्यामुळे आकाश काळं हवं, आणि तो मार्च ते मे या महिन्यांत चांगला वर असतो. आधी एखाद्या पांढऱ्या तेजस्वी ताऱ्याच्या, समजा अभिजितच्या किंवा मघाच्या, हायड्रोजन रेषांवरून जाळीची मोजपट्टी पक्की करून घ्या, मग क्वेसारकडे वळा.